पास्कल, तुझा अर्ज मी अडवला

पास्कल,

तुझ्यावर काही लिहावे अशी माझी इच्छा नव्हती. क्लबच्या फलकावर तुझा फोटो आणि खाली दोन ओळी पुरेशा होत्या, असे माझे मत होते. पण काल तुझ्या सातव्या दिवसाची मिसा आटोपल्यावर लुसीवहिनींनी मला चर्चच्या पायरीवर गाठले. म्हणाल्या, "आपटेसाहेब, तुम्ही त्यांना लिहा. त्यांच्याबद्दल नको. त्यांना."

मी कारण विचारले.

"तुमचं भांडण अर्धं राहिलंय. मला घरात त्याचा त्रास होतो."

त्यांना नाही म्हणणे तुला संसारभर जमले नाही, मला कालच्या एका दिवसात जमण्याचे कारण नव्हते. म्हणून लिहितो. मात्र गेलेल्या माणसाला उद्देशून लिहिण्याची ही रीत मला मान्य नाही. समोरच्याला उत्तर देता येत नाही, अशा वेळी कोणीही शहाणा ठरतो. तू असताना शेवटचा शब्द मला कधी मिळू दिला नाहीस. तो असा मिळवण्यात मला रस नाही.

मूळ दोष तुझा आहे, एवढे आधी नोंदवून ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तू ठाण्याच्या कोपरीहून माझ्याकडे डोंबिवलीजवळच्या कोपरला आलास. मी वर्तमानपत्र वाचत होतो. तू खुर्ची ओढलीस, माझ्यासाठी ठेवलेला चहा प्यायलास आणि म्हणालास, "डायव्हिंगच्या क्लबात नाव घातलंय. तुझं पण."

"कसला क्लब?"

"पाठीवर सिलिंडर बांधायचा, पाण्याखाली जायचं."

"मी एकोणसत्तर वर्षांचा आहे."

"मी सदुसष्ट. मग?"

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हटलं असतंस. दोघं लागतात रे. एकट्याला घेत नाहीत."

हे खोटे होते. क्लब एकट्या माणसालाही घेतो आणि जोडी तिथे लावून देतो, हे मला चार महिन्यांनी कळले. मी जाब विचारल्यावर तू म्हणालास, "दुसऱ्या कोणाबरोबर जोडी लावली असती तर त्या बिचाऱ्याला मी ऐकून घेईन अशी आशा वाटली असती."

तुझे आणि माझे कसे जमले, हे कारखान्यातही कोणाला उमगले नव्हते. डोंबिवलीच्या त्या रसायनांच्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी होतो आणि तू कॉम्प्रेसर विभागात फिटर. माझे काम नियम सांगण्याचे, तुझे काम ते माझ्यादेखत मोडण्याचे. एकदा टाकीत उतरलेला हेल्पर आत कोसळला, तेव्हा तू परवाना न घेता, मुखवटा न लावता आत उडी मारून त्याला बाहेर काढलेस. तो वाचला. मी तुला मेमो दिला. आत पडलेल्याला काढायला गेलेला दुसरा माणूसही आतच राहतो, हे मी दर वर्षी शिकवत होतो, आणि तू वाचलास हा निव्वळ योगायोग होता. तू तो मेमो फ्रेम करून घरातल्या मोरीच्या दारावर लावलास. पाहुण्यांना सांगायचास, "हे आमच्या आपट्यांनी दिलेलं प्रशस्तिपत्र." तीस वर्षे तो वाद आपण चालवला. मेमो योग्यच होता.

असो. क्लबविषयी.

क्लब म्हणजे ठाण्यातल्या एका पोहण्याच्या तलावाच्या रविवारच्या सकाळचा भाड्याने घेतलेला दीड तास, जिन्याखालची एक खोली, बारा सिलिंडर आणि कल्याणची प्रणाली. ती आपली शिक्षिका. वय तिशीचे, आवाज कडक. पहिल्याच दिवशी तिने सांगितले, "काका, पाण्याखाली वय चालत नाही आणि अनुभव पण चालत नाही. मी सांगेन ते चालतं." मला ती त्याच क्षणी पटली. तू मागे माझ्या कानात म्हणालास, "आपटे, तुझी मुलगी शोभते." आणि दोघांनाही बाहेर बसवण्याची वेळ आणलीस.

पाण्यात उतरण्यापूर्वी जोडीदाराने जोडीदाराची तपासणी करायची, असा तिथला दंडक आहे. जॅकेट, वजनांचा पट्टा, बक्कल, हवा. प्रत्येक वस्तूला हात लावून मोठ्याने नाव घ्यायचे. मी नाव घ्यायचो. तू म्हणायचास, "हाय रे, सगळं हाय. कालचाच मी हाय." काल शनिवार असे आणि तू तलावावर आलेलाच नसायचास. वजनांचा पट्टा तू दर वेळी उलटा बांधत होतास. दर वेळी. दोन वर्षांत एकदाही सरळ बांधला नाहीस, आणि आता मला संशय येतो की ते मुद्दाम होते.

पाण्याखाली तुला बोलता येत नव्हते. या छंदाचा हा फायदा मला पहिल्या दिवशीच दिसला.

पहिल्याच महिन्यातली एक गोष्ट मी आजवर उच्चारली नाही. तलावाच्या खोल टोकाला माझ्या मास्कमध्ये पाणी शिरले. काय करायचे ते मला पाठ होते, लिहूनही ठेवले होते. तरीही मला एकाएकी काही सुचेना. मी वर उसळणार होतो, आणि छातीत हवा कोंडून तसे वर जाणे किती धोक्याचे ते मीच इतरांना समजावले असते. तू माझ्या जॅकेटचा पट्टा धरलास. दुसरे काही केले नाहीस. तुझा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आणलास आणि संथपणे श्वास घेत राहिलास, इतका संथ की बुडबुडे मोजता यावेत. माझाही श्वास तसा होईपर्यंत तू हललास नाहीस. वर आल्यावर प्रणालीने विचारले, "काय झालं खाली?" तू म्हणालास, "काही नाय. साहेब फरशी मोजत होते." त्यानंतर तू ते कधी काढले नाहीस. मस्करीतही नाही. मी आभार मानले नव्हते. आता मानतो.

कॉम्प्रेसरचे प्रकरणही तुझ्या नावावर जमा करायला हवे. सिलिंडर भरण्याचे यंत्र जिन्याखालच्या खोलीत होते आणि हवा ओढून घेणारी त्याची नळी खिडकीतून बाहेर काढलेली होती, थेट स्कूटर उभ्या करण्याच्या जागेकडे. आपण येण्याआधीपासून क्लब तीच हवा पीत होता. ते तू आधी ओळखलेस. सिलिंडरचा कॉक किंचित सोडून वास घेतलास आणि मला म्हणालास, "साहेब, मेमो कोणाला देणार?" मी त्या रविवारी कोणालाही पाण्यात उतरू दिले नाही. सभासद चिडले. एका गृहस्थांनी आपल्याला खडूस म्हातारे म्हटले, तेही ऐकू येईल असे. पुढच्या रविवारपर्यंत तू जिन्याच्या कडेने पाइप चढवून नळीचे तोंड गच्चीवर नेले होतेस. तेव्हापासून सिलिंडर तूच भरायचास. तेव्हा तुला नियम मान्य होता, पास्कल. हवेच्या बाबतीत तडजोड नाही, हे वाक्य त्या खोलीच्या दारावर तुझ्या अक्षरात आहे.

तुला पाण्याखाली जायचेच का होते, हे मी वर्षभर विचारले नाही. ते खडवलीला कळले. क्लबने हिवाळ्यात नदीच्या संथ पाण्यात एक सराव ठेवला होता. खाली हाताची बोटे दिसत नव्हती. दहा मिनिटांत आपण वर आलो. तू काठावरच्या खडकावर बसलास आणि पहिल्यांदाच मस्करी न करता बोललास.

"बापाच्या खाडीसारखंच हाय. काय दिसत नाय."

मी तुझ्या शेजारी बसलो.

"बाप चाळीस वर्षं जाळं टाकायचा. एवढे मासे काढले. पण पाण्यात मासा चालतो कसा, ते त्याने कधी पाहिलं नाय. खाडी गढूळ, दिसणार काय? मरताना मना म्हणाला, सगळे मेलेलेच बघितले रे." आणि म्हणालास, "मना एकदा जिता बघायचा हाय. त्याच्या घरात."

मालवणच्या समुद्रात क्लब दर हिवाळ्यात जातो, पण पहिल्या वर्षाच्या सभासदांना नेत नाही. तुझे सगळे त्यासाठी चालले होते. हे मला त्या दिवशी समजले, आणि पुढचे सगळे मी ते समजून केले. न कळून केले, अशी सवलत मला नको.

दुसऱ्या वर्षी तुला हवा जास्त लागू लागली. हे मला कोणी सांगितले नाही, सिलिंडरच्या हवेच्या काट्याने सांगितले. तोच सिलिंडर, पाण्याची तीच खोली, तोच पाऊण तास. आधी वर येताना तुझ्या काट्यावर शंभर शिल्लक असायचे. मग ऐंशी. मग साठ. कॉम्प्रेसर असा वागला असता तर तू त्याच दिवशी उघडून बसला असतास. मी विचारले, तर म्हणालास, "लुसीने मैद्याचे फुगे तळले होते. जास्त झाले."

"चार रविवार?"

"ती रोज तळते."

पुढच्या आठवड्यात मी तुझ्या घरी आलो. तू आंघोळीला गेला होतास. लुसीवहिनींनी चहा ठेवला आणि माझ्या कपाशेजारी, तुझ्या बशीत, एक लहानशी गोळी ठेवली. माझा थोरला भाऊ तीच गोळी जिभेखाली धरत असे. मी काही विचारण्याआधीच वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला बोलले नाहीत का? पावसाळ्यात अँजिओग्राफी झाली."

तेव्हा मालवणचे अर्ज भरून झाले होते. त्यात प्रकृतीविषयी प्रश्न असतात. हृदयविकार आहे का, या प्रश्नापुढे तू ठळक अक्षरात "नाही" लिहिले होतेस. तू अर्ज भरलास तेव्हा मी शेजारी बसलो होतो.

तलावाबाहेरच्या बाकावर आपण बोललो. ते बोलणे मला शब्दशः आठवते.

"प्रणालीला सांग," मी म्हणालो.

"सांगितलं तर सोडेल?"

"डॉक्टर सोडतील तर सोडेल."

"डॉक्टर नाय सोडणार. ते मना ठाऊक हाय. म्हणून तर सांगत नाय."

"पाण्याखाली तुला काही झाले तर तुला वर कोण आणणार? मी. आणि जबाब कोण देणार? ती मुलगी."

"आपटे, एकदाच. अर्धा तास. मग घरात बसतो, भाजी निवडतो, तू म्हणशील ते करतो."

"आठ दिवस देतो. तू सांग, नाहीतर मी सांगेन."

मग म्हणालास, "तू सांगशील. तुझं काय, तू बापाला पण मेमो दिला असतास." आणि हसलास. माझी ती पहिल्या महिन्यातली फजिती त्या बाकावर तू उगाळू शकला असतास. तू माझे झाकलेस, मी तुझे झाकावे, एवढाच साधा हिशोब मांडता आला असता. तू मांडला नाहीस. त्यामुळे माझे काम सोपे झाले नाही, हे तुला कळत होते का, ते मला कधी कळणार नाही.

नवव्या दिवशी मी प्रणालीला सांगितले. तिने डॉक्टरांचा दाखला मागितला. डॉक्टरांनी दिला नाही. अर्ज परत आला.

हे मी पुन्हा करीन. लुसीवहिनींनी भांडण पुरे करायला सांगितले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो: या मुद्द्यावर तुझे चूक होते आणि माझे बरोबर. तुझ्या जाण्याने त्यात फरक पडलेला नाही.

त्यानंतरचे मात्र माझे चुकले. क्लब मालवणला गेला आणि मी गेलो नाही. तू जाणार नसताना मी जाणे मला प्रशस्त वाटेना. मला वाटले, तुला हे न सांगता समजेल. त्या आठवड्यात तुझा फोन आला.

"गेलास?"

"नाही."

"का?"

"तू नव्हतास."

मग म्हणालास, "मना थांबवलंस, ते ठीक. तुझं कामच ते. पण तू तरी बघून यायचंस रे. कोणीतरी बघायला हवं होतं." आणि फोन ठेवलास.

तीन महिने आपण बोललो नाही. तू आता रविवार टाळून शनिवारीच येऊन सिलिंडर भरून जायचास, मी रविवारी त्यातली हवा घ्यायचो. एकदाही कमी भरलेला सिलिंडर माझ्या वाट्याला आला नाही. मी फोन करणार होतो. पण तू आधी करावास असे मला वाटत होते, आणि तुलाही बहुधा तसेच वाटत असावे. दोन म्हातारे, चाळीस वर्षांची ओळख, आणि ही अक्कल. मग गेल्या आठवड्यात दुपारी जेवून खुर्चीत बसलास आणि उठला नाहीस.

काल पायरीवर लुसीवहिनींनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती तुला कळवावी, हीच त्यांची खरी इच्छा असावी. म्हणाल्या, "ती गोळी मी मुद्दाम ठेवली होती. तुमच्या पुढ्यात."

मी पुन्हा कारण विचारले.

"एवढ्या एका गोष्टीत माझं ते ऐकत नव्हते. अर्ज फाडला असता तर दुसरा आणला असता. म्हटलं, आपटेसाहेबांना दिसलं की ते गप्प बसायचे नाहीत."

"मला सरळ सांगायचे होते."

"सरळ सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना म्हणाला असता, वहिनींनी सांगितलं. तुम्हाला खोटं कुठे बोलता येतं?" त्यांनी पदराने डोळे टिपले. "तीन महिने ते तुमच्यावर चिडून होते. मी ऐकत बसले, तोंड उघडलं नाही. आता तुम्ही लिहा. त्यांना कळू दे."

तर पास्कल, कळवतो. अर्ज मी अडवला, पण अडवायला मला लावले तुझ्या बायकोने. तुमच्या घरात सरळ मार्गाने कोणी काही करीत नाही. मला राग यायला हवा होता. मी त्यांना एवढेच म्हणालो की चहा चांगला झाला होता.

यावर प्रकरण मिटले असते. पण प्रणाली तिथेच उभी होती. पांढऱ्या ओढणीत ती मला आधी ओळखू आली नाही. ती म्हणाली, "काका, एक विचारू? तुम्ही दोघं मालवणला का नाही आलात?"

"त्याला परवानगी नव्हती. तूच नाकारलीस."

"पाण्याखाली जायची नव्हती. बोटीत बसायची होती की." ती सहज बोलत होती, दोष देत नव्हती. "तिकडे पाणी एवढं स्वच्छ असतं. बोटीच्या कडेवरून वाकून, मास्क लावून नुसतं तोंड पाण्यात घातलं असतं तरी खाली मासे दिसतात. आम्ही पकडलं असतं त्यांना. मला वाटलं तुम्ही दोघं रुसलात."

कालपासून तिचे ते वाक्य घेऊन बसलो आहे.

चाळीस वर्षे नियम वाचणारा माणूस मी. मनाई कशाला आहे ते मला तोंडपाठ होते. मनाई कशाला नाही, हे वाचायची मला सवय नव्हती. तुला खाली जायचे होते, मला नाही म्हणायचे होते, आणि त्या खेचाखेचीत कडेवरून वाकून पाहण्याची साधी गोष्ट दोघांपैकी एकालाही सुचली नाही. तुझ्या डोक्यात निदान एक वेडेपणा होता, त्यात सुचायला जागा नव्हती. माझ्या डोक्यात काय होते? मी तुला बोटीत बसवून नेऊ शकलो असतो. तुझा पट्टा धरून कडेला बसलो असतो. तू जिता मासा त्याच्या घरात पाहिला असतास आणि नंतर वर्षभर मला त्याचे वर्णन ऐकवून जेरीस आणले असतेस. याबद्दल मला मेमो द्यायला कोणी उरलेले नाही.

पावसाळ्यापूर्वी क्लब आणखी एकदा मालवणला जातो आहे. मी अर्ज भरला आहे. रक्तदाब आहे का, या प्रश्नापुढे "होय" लिहिले आहे. जिना चढताना दम लागतो का, तिथेही "होय". मंगळवारी कल्याणला डॉक्टर तपासणार आहेत. ते नाही म्हणाले तर मी खाली जाणार नाही, आणि तू हसणार असशील तर खुशाल हस. मी बोटीत बसेन आणि तोंड पाण्यात घालीन. एकाहत्तराव्या वर्षी ते शोभणार नाही, याची मला कल्पना आहे.

मी एकटा जाणार नाही. लुसीवहिनींना विचारले. मला वाटले होते, नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "उलटी होईल हो मला बोटीत." मग म्हणाल्या, "पण येते. जन्मभर मासे कापलेच नुसते."

तुझ्या मास्कची पट्टी त्यांच्या मापाची करून ठेवली आहे.